वाणाची वाटी

आमचे हे राज्यातले विजेचे दर ठरवतात, पण घरातला पंखा कितीवर ठेवायचा हे अजून मीच ठरवते. साध्या इंजिनिअरपासून चढत चढत हे दर ठरवणाऱ्या आयोगाचे सदस्य झाले, तेव्हा पेढा खायच्या आधी यांनी मला बजावलं, "आता कोणाकडून सुपारीचं खांडही घ्यायचं नाही. माझी खुर्ची जाईल." मी चौथी शिकलेली. (खुर्ची गेली की मागोमाग आपणही तुरुंगात, असंच मी धरून चालले.)

संक्रांतीला आमच्या बूढापाऱ्यात, म्हणजे आमच्याच मोहल्ल्यात, नव्याने राहायला आलेल्या एका बाईंकडे हळदीकुंकवाला गेले. त्यांनी कागदात गुंडाळलेलं वाण हातात ठेवलं. वाणाला नाही कसं म्हणायचं? मला तर भाजीवाल्यालाही नाही म्हणता येत नाही! घरी उघडलं, तर चकचकीत चांदीची वाटी. शेजारच्या शोभाताई गुडघ्यांमुळे आल्या नव्हत्या. संध्याकाळी दारात भेटल्या, तेव्हा त्यांनी सहज सांगितलं की त्या बाईंच्या नवऱ्याचा लोखंडाचा कारखाना आहे, आणि त्याच्या वीजदराची सुनावणी उद्या यांच्यापुढेच आहे.

सवाष्णीने दिलेलं वाण परत कसं करायचं? वाटी तांदळाच्या डब्यात पुरली. मग वाटलं, पोलीस आधी तांदूळच उपसतील. तिथून काढून देवामागे लपवली. (म्हणजे देवालाही गोवलं!)

सकाळी चहा देताना कप खडखडू लागला. "काय झालं? काहून कापून राहिली?" यांनी विचारलं. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. आता यांचाच चेहरा पांढरा पडला. "हे भर सुनावणीत सांगा लागते," एवढंच म्हणून हे वाटी पिशवीत टाकून गेले. मी दिवसभर कडी लावून बसले. सिलिंडरवाला आला, तरी दार उघडलं नाही!

तिकडे यांनी वाटी टेबलावर ठेवली, ती कुठून आली ते सांगितलं आणि मी या प्रकरणातून बाजूला होतो म्हणाले. कारखान्याचे मालक गडबडून उठले. "साहब, ये तो पूरे पारे में बँटी है. चाँदी नहीं, जर्मन सिल्वर है." समोरच्या बाजूचे वकीलही हळूच म्हणाले की एक आमच्याही घरी आली आहे.

यांची खुर्ची राहिली. संध्याकाळी घरी येऊन हे एवढंच म्हणाले, "तुले एकदा वाजवून पाहता नाही आली?"

तेव्हापासून पाऱ्यातल्या बायका मला वाण उघडंच देतात. "वहिनी, स्टीलचंच आहे बरं," म्हणून हसतात. मीही लाजून हसते, आणि जिन्यात पोचल्यावर हळूच वाजवून बघते.