तीन नंबरचा पोल

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचत होते. मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही, मांजरालाच बाजूला हो म्हणते. स्कूटी घेतली ती अमावास्येला, शोरूमवाला दोनदा म्हणाला, "मॅडम, परवा न्या ना." लहानपणी पैठणला आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, तेव्हा बाकीचे पाया पडायचे आणि मी समोर उभी राहून ती डोळे किलकिले करून कुणाकडे बघते ते शोधायचे. तर अशी मी. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही. कुणाकडे उत्तर असेल तर हवं आहे, म्हणून लिहितेय. नुसतं "अंगावर काटा आला" असं लिहू नका, प्लीज.

आमचा स्टुडिओ संभाजीनगरला गारखेड्यात आहे. खाली हार्डवेअरचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर एक हॉल, खिडक्या पश्चिमेला, जाड पडदे आणि छतापासून जमिनीपर्यंत चार स्टीलचे पोल. हो, पोल डान्स. तुमच्या डोक्यात आता जे आलं ते घरमालकांच्या डोक्यात येऊ नये म्हणून बोर्डवर "महिला फिटनेस सेंटर" एवढंच लिहिलं आहे. घरमालकांना सांगितलं, मल्लखांबासारखं असतं, फक्त लोखंडी. ते काही अगदी खोटं नाही. माझ्या आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकवलं ते खांबाला लोंबकळायला व्हय गं?"

स्टुडिओ माझा एकटीचा नाही. मी आणि नीलोफर, दोघींचा. एका जिममध्ये आम्ही दोघी ट्रेनर होतो, पुण्याला जाऊन हे शिकलो आणि परत येऊन सुरू केलं. नीलोफर पडेगावला राहते, ती आणि तिची अम्मी. अम्मी शिवणकाम करतात. पोलवर कापड घसरतं, पकड धरते ती उघडी कातडी, त्यामुळे आमच्या शॉर्ट्स आखूडच लागतात. पहिल्यांदा माप दिलं तेव्हा अम्मी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ये चड्डी है के रुमाल?" पण शिवून दिल्या, आणि त्यासुद्धा अस्तर लावून. तेव्हापासून सगळ्या मुलींच्या शॉर्ट्स त्याच शिवतात.

पुढचं कळायला आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. पोल दोन तऱ्हेनं वापरता येतो. खालचा स्क्रू आवळला की पोल स्थिर, आपण त्याच्याभोवती फिरायचं. स्क्रू सैल केला की पोल स्वतःच गरागरा फिरतो. नुसतं बघून फरक कळत नाही. स्थिर समजून फिरत्या पोलवर कुणी जोरात चढलं तर ते फेकलंच जाणार. म्हणून आमचा नियम होता - जी पोल सैल करेल तिनं बुडाशी लाल रबर बांधायचं, केसांना लावतो ते. लाल दिसलं की सांभाळून. हा नियम माझाच होता, आणि त्यावरून मी मुलींना ओरडायचेसुद्धा.

गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी सहाला मी तीन नंबरच्या पोलवर एकटीच सराव करत होते. पोल सैल केला होता, रबर बांधलं होतं. मध्येच माझ्या केसांचं रबर तुटलं. केस तोंडावर येत होते. मी खाली वाकले, पोलचं लाल रबर काढलं आणि केसांना बांधलं. दोन मिनिटांचा तर प्रश्न होता... नंतर परत बांधते, म्हटलं. तेवढ्यात आईचा फोन आला. हॉलमध्ये रेंज नीट येत नाही, म्हणून मी जिन्यात गेले आणि बोलत बोलत खाली उतरले. नीलोफर माझ्या बाजूनंच वर गेली. उशीर झाला होता तिला, जाता जाता माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

वर साडेसहाची बॅच उभी होती. तिनं पोलच्या बुडाकडे बघितलं असणार, ती नेहमी बघायची. लाल काही नव्हतं. "बघा गं, आधी मी करून दाखवते," असं म्हणून ती चढली, उजव्या गुडघ्याच्या वळणात पोल धरला आणि हात सोडून उलटी लटकली. मला जिन्यात आवाज आला.

मणक्याला मार लागला. कमरेच्या खाली जाणीव नाही. मुली म्हणाल्या, मॅडम एकदम भर्रकन फिरल्या आणि गुडघा सुटला. सगळ्यांचं मत पडलं की जास्तीचा आत्मविश्वास. मी मान डोलावली. हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये तोंड धुताना आरशात बघितलं तर लाल रबर माझ्या केसांत होतं. ते काढून मी पर्समध्ये टाकलं. दुपारी स्टुडिओ बंद करायला म्हणून आले आणि तीन नंबरचा स्क्रू आवळून टाकला. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

स्टुडिओ बंद करणार होते. पण नीलोफरनंच खाटेवरून दम दिला, "बंद केलास तर बघ. मी उठून आले की पोल कुठं धुंडाळू?" म्हणून चालू ठेवला. तीन नंबरवर मी कुणाला चढू देत नव्हते. नट ढिला आहे, असं सांगायचे. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं... खोट्याचं तसंच असतं.

डिसेंबर उजाडला. थंडीत सकाळी स्टील असं गार पडतं की हात लावला तर चटका बसल्यासारखं होतं आणि पकडही बसत नाही. म्हणून बॅचच्या आधी मी प्रत्येक पोल कोरड्या फडक्यानं आणि हातानं चोळून ऊब आणते. त्या दिवशी सहा दहाला कुलूप उघडलं. एक नंबर गार, दोन नंबर गार. तीन नंबर सवयीनं चोळायला गेले आणि हात मागेच घेतला. तो गरम होता. सगळा नाही. माझ्या डोक्याच्या वर, वीतभर जागा. आत्ताच कुणी उतरलं असावं अशी ऊब. त्या उंचीवर नीलोफरचा गुडघा यायचा.

मी आधी वायरमनला बोलावलं. करंट नाही. खालच्या दुकानात विचारलं, तिथे हीटर नाही. ऊन सकाळी आमच्याकडे येतच नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मला भास होत असतील म्हणावं तर आमच्या देशपांडे काकू, बँकेतून रिटायर झालेल्या, गुडघे दुखतात म्हणून येतात, त्या एकदा जाता जाता तीन नंबरला टेकल्या आणि म्हणाल्या, "अगं, यावर कुणी करून गेलं का आत्ता? ऊबदार आहे." कोरोनाच्या वेळचं ते कपाळाला लावायचं तापाचं मशीन होतं, ते लावून बघितलं. बाकीच्या तिन्ही पोलवर ते आकडाच दाखवेना. तीन नंबरच्या त्या वीतभर जागेवर मात्र आकडा आला, अंगात ताप नसलेल्या माणसाचा येतो तो.

त्याच आठवड्यात मी पडेगावला गेले होते. नीलोफर म्हणाली, "वर्षे, हसू नको. उजव्या गुडघ्याच्या मागं गार लागतंय मला."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "कधी?"

"रोज. अम्मी नमाज पढून चहा टाकते ना, तव्हा. आपला पोल नाय का लागत थंडीत... तस्संच. अगदी तस्सं."

अम्मींचा चेहरा असा खुलला होता! डॉक्टर म्हणाले होते, असे भास होतात, पण जाणीव परत येण्याची सुरुवातही असू शकते, लक्ष ठेवा. अम्मींनी त्यातलं पहिलं वाक्य ऐकलंच नव्हतं. "मेरी बच्ची के पांव में जान आ री," एवढंच त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

आता जे मी केलं ते शहाण्या माणसानं केलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत गेले, त्या जागेवर हात ठेवला आणि अम्मींना फोन लावला.

"अम्मी, तिला विचारा ना, आत्ता लागतंय का?"

"हौ बेटा, अब्बीच बोल री. ठंडा लग रा बोल री."

मी घरून थर्मासमध्ये बर्फ नेला होता. तो टॉवेलात गुंडाळला आणि त्या जागेवर दाबून धरला. फोनमधून नीलोफरची किंकाळी आली. "अम्मीऽऽ! लई गार! लई गार लागतंय गं!" आणि अम्मी रडायला लागल्या, रडता रडता हसायला लागल्या. मी टॉवेल धरून तशीच खाली बसले. भीती वाटायला हवी होती, पण मला वाटली ती आशा. वेड्यासारखी आशा. वाटलं, तिचा पाय माझ्या हातात आहे, मी मोडला आणि मीच जोडणार.

तीन आठवडे मी रोज हे केलं. सहा दहाला बर्फ, सहा दहाला फोन. गार लागण्याची जागा गुडघ्यापासून खाली पोटरीपर्यंत उतरली. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, सुधारणा आहे. बर्फाचं मी कुणाला बोलले नाही. एका रविवारी गेले तर अम्मींनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. "तेरा फोन आता, और इसकू लगता. तेरी दुवा है बेटा. सगी बहन नै करती इत्ता." मग त्या शिवणाच्या मशीनवर जाऊन बसल्या.

मी नीलोफरच्या खाटेवर बसले. पर्समधून लाल रबर काढून तिच्या चादरीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. केसांचं, फोनचं, नंतर स्क्रू आवळला त्याचंसुद्धा. पलीकडे मशीन चालूच होती. मला वाटलं, ती ओरडेल, थुंकेल तोंडावर. मी तयारच होते.

ती म्हणाली, "माहीत हाय."

"काय?"

"अँब्युलन्समधी मी खाली पडलेली, तू माझ्यावर वाकलेली. तुझं डोकंच दिसत व्हतं मला. लाल रबर."

"मग एवढे दिवस बोलली का नाहीस?"

"म्हटलं तू बोलशील. आज बोलशील, उद्या बोलशील." तिनं रबर उचललं, बोटाभोवती गुंडाळलं, परत माझ्या हातात दिलं. "अम्मीला सांगू नको. तिला नाय झेपायचं." मग मान भिंतीकडे वळवली. "बरं झालं बोललीस. दमले व्हते मी लई. आता निजते."

दिवसभर पडून असलेली बाई दमेल कशानं, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी रडत रडत पण हलकी होऊन घरी आले. त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोप लागली.

सोमवारी सकाळी सहा दहाला कुलूप उघडलं. तीन नंबर गार होता. खालपासून वरपर्यंत, इतर तिघांसारखाच. मी फोन लावला. अम्मी म्हणाल्या, आज नै लगा बोल री. बर्फ दाबला. काही नाही. बोटं बधिर होईपर्यंत दाबून धरला. "जरा ठैर बेटा," अम्मी म्हणत होत्या, "लगेगा, लगेगा." मंगळवारी नाही. बुधवारी नाही. त्यानंतर एकदाही नाही. डॉक्टर म्हणाले, सांगितलं होतं ना, भास होते.

नीलोफर माझ्याशी बोलते. आधीसारखीच बोलते, चिडवतेसुद्धा, आणि तेच जास्त लागतं. एकदा धीर करून विचारलं, "नीलू, तू यायचीस का गं तिथं सकाळी?" ती म्हणाली, "येडी झालीस का? मी कुठं जाणार?"

लोक म्हणतात, खरं बोललं की ओझं उतरतं. माझं उतरलं हो. पण तिच्या पायांत जे एवढंसं काही उरलं होतं तेही त्याबरोबरच गेलं. मी तोंड उघडलं नसतं तर गारवा पोटरीवरून घोट्यापर्यंत गेला असता का? ती उठली असती का? माझी लबाडीच तिला रोज तिथवर खेचून आणत होती का, आणि मी मोकळी झाले म्हणून तीही मोकळी झाली? असला विचार करणाऱ्या बाईला वर्षभरापूर्वी मी वेडी म्हटलं असतं. कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल, हे सगळं मनाचे खेळ आहेत असं पटवलंत तरी चालेल. फक्त तापाच्या मशीनचं आणि देशपांडे काकूंचं काय करायचं तेवढं सांगा.

आता एप्रिल आहे. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, चारही पोल पहाटेच कोमट असतात. तीन नंबरवर हात ठेवला तरी ती ऊब कुणाची हे कळत नाही. कळायला थंडी पडावी लागेल. लाल रबर मी त्याच्या बुडाशी बांधून ठेवलं आहे, स्क्रू आवळलेला आहे, तरीही.

अम्मींना वाटतं, माझ्या फोननंच तिला लागायचं. म्हणून त्यांनीच शपथ घातली आहे, फोन बंद करू नको. आजही सहा दहाला लावला. एका हातात बर्फाचा टॉवेल, पोलवर दाबलेला.

"लग रा क्या गे?" अम्मी पलीकडे नीलोफरला विचारत होत्या. मग फोनमध्ये म्हणाल्या,

"नै बोल री, बेटा. कल फिर करना हां."

"करते, अम्मी," म्हटलं. मॅटवर पाणी सांडलं होतं ते पुसलं आणि बॅचसाठी दार उघडलं.