खाली उतर

माझी आत्या ट्रेलरच्या यार्डात काम करते. तिथे तिला 'खाली-उतर' म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नाही. ती पाठमोरी झाली की म्हणतात. यम न्यायला आला तर त्यालाही रेड्यावरून खाली उतरवून रेड्याचे खूर तपासायला लावेल, हा तिथला जुना विनोद आहे. मलाही तो आवडायचा. पण तिने माझ्या बाबांना, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या धाकट्या भावाला, भर यार्डात खाली उतरवलं आणि त्या दिवसापासून तो विनोद ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आत्याचं काम सांगायला सोपं आहे. पुढचं इंजिनाचं धूड, ज्याला यार्डात घोडा म्हणतात, आणि मागचा लांबलचक ट्रेलर यांची जोडणी ती सांभाळते. घोड्याच्या पाठीवर परातीहून मोठी लोखंडी चकती असते आणि चकतीत जबडा. ट्रेलरच्या पोटाखाली मनगटाएवढी जाड पिन. ड्रायव्हर घोडा मागे घेतो, पिन जबड्यात शिरते, खट् आवाज होतो. त्या खट्वर सगळ्या ड्रायव्हरांचा आंधळा विश्वास. वाजलं म्हणजे लागलं! आणि आत्याचं सगळं आयुष्य त्या खट्शी भांडण्यात गेलं. ट्रेलर जरा उंचावर उभा असेल तर पिन जबड्याच्या वरच टेकते, तरी खट् वाजतं. म्हणून तिचा नियम असा, की जो गाडी नेणार त्याने स्वतः खाली उतरायचं, वाकायचं, बॅटरी मारून बघायचं. जबडा पिनेच्या मागून मिटलाय का? चकती आणि ट्रेलर यांच्या मधून उजेड दिसतो का? दिसला तर जोडणी नासली. मग ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवायचे आणि घोडा हळूच पुढे खेचून बघायचा.

"तू बघितलंस ना? मग झालं की," असं कुणी म्हणालं की ती पेटलीच.

"माझे डोळे घेऊन जाणार आहेस का रस्त्यावर? खाली उतर!"

हे तापट डोकं तिचं जन्माचं आहे. आजी लवकर गेली आणि बाबांना आत्यानेच वाढवलं. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर म्हणायची, "एक पोर सांभाळतेय ना, ते काय कमी आहे?" यार्डात झाडू मारायला लागली होती ती. फिटर जुनं ग्रीस न काढता त्यावरच नवं थापतात हे तिला बघवेना. धूळ मिसळलेलं ग्रीस पॉलिश पेपरसारखं लोखंड खातं. तिने एक दिवस झाडू ठेवला, खरवडणी उचलली आणि ती आजतागायत खाली ठेवलेली नाही. शिकवायला कुणी नव्हतं, उलट पळवायला सगळे होते. ती कुणाला पुरून उरली नाही ते सांगा.

बाबांना त्याच यार्डात तिनेच आणलं. बाबा ड्रायव्हर झाले आणि असे झाले, की लोक त्यांना 'राजे' म्हणू लागले. उंच केबिनमध्ये ताठ बसायचे, एका हाताने भलामोठा ट्रेलर असा मागे लावायचे की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. घरात आम्ही सगळे त्या उंचीवरच जगलो. शेजाऱ्यापाजाऱ्यांत मी राजेंची मुलगी होते.

तो दिवस मी डोळ्यांनी बघितला, कारण बाबांचा डबा घरी राहिला होता आणि मी तो द्यायला गेले होते. बाबांची गाडी जोडून तयार होती. मागे इतर गाड्यांची रांग, सगळे हॉर्न मारताहेत. आत्या घोड्याच्या पुढ्यात उभी. हात ग्रीसने कोपरापर्यंत काळे.

"खाली उतर."

बाबा खिडकीतून हसले. "ताई, तू बघितलंय ना? सगळं नीट आहे ना?"

"आहे."

"मग बाजूला हो. उशीर होतोय."

"तू बघितलेलं नाहीस. खाली उतर."

"लोक हसताहेत, ताई."

"हसू दे."

ती जागची हलली नाही. शेवटी बाबांनी दार उघडलं. डावा पाय पायरीवर ठेवला, मग उजवा खाली सोडला आणि तो पाय मुडपला. दाराचा दांडा हातातून सुटला आणि माझा बाप धुळीत बसला. हॉर्न थांबले. मालक ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. बाबांना उठता येईना. गुडघा कधीपासून निकामी होत चालला होता, आणि ते आम्हा सगळ्यांपासून लपवत होते, हे मला तेव्हा कळलं, यार्डातल्या सगळ्यांबरोबर. दुपारपर्यंत गाडी दुसऱ्याला दिली होती.

आत्याने त्यांना हात दिला. त्यांनी तो झटकला.

मला इतका राग आला होता की डबा तिथेच टाकून द्यावासा वाटला. घरी बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आई म्हणाली, "बहीण आहे की वैरीण?" आणि मला वाटलं, आईने माझ्याच मनातलं बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी तडक यार्डात गेले.

आत्या एका रिकाम्या घोड्याच्या चकतीवर वाकून जुनं ग्रीस खरवडत होती. मी आल्याचं तिने बघितलं, पण हात थांबवला नाही.

"लॉक नीट होतं," मी म्हणाले. "तुला माहीत होतं."

"होतं."

"मग कशाला उतरवलंस? नियम नियम करून तू माणसाची माती केलीस! त्यांचा गुडघा दुखतोय एवढं तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. घरी येऊन विचारलं होतं त्याला. मला काही झालेलं नाही म्हणाला. माझ्या तोंडावर खोटं बोलला."

"म्हणून चारचौघांत अब्रू काढायची?"

तिने खरवडणी आपटली. मग सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर केली आणि पोटावरून सदरा थोडा उचलला. दंडापासून बरगडीपर्यंत हिरवट-पिवळा पट्टा उमटला होता. मार जुना होत चालला की दिसतो तसा.

"गेल्या आठवड्यात यार्डाच्या मागच्या कोपऱ्यात ट्रेलरची पिन पुसत होते," ती म्हणाली. "तुझा बाप घोडा मागे घेत होता. मी हात केला, थांब. थांबला नाही. ब्रेकचा पाय तोच आहे, उजवा. अंग चोरून निसटले म्हणून वाचले. मालकाला तेव्हाच सांगितलं असतं तर त्याला चोरासारखं हाकललं असतं. वाटलं, स्वतः सांगेल. वाट बघितली. रोज केबिनमध्ये चढून बसतोय! आज मी होते, उद्या रस्त्यावर कुणाचं तरी लेकरू असेल. मग काय करायचं होतं मी? सांग ना! राग तुलाच येतो का फक्त?"

तिचे डोळे भरले होते आणि त्याचाही तिला राग येत होता. तिने पाठ केली आणि पुन्हा खरवडायला लागली.

घरापर्यंत चालत येताना मी एकच गोष्ट घोकत होते, की बाबांना हे ठाऊक नसणार. मागचं दिसलं नसणार. कळलं तर ते कोलमडतील, तेव्हा जरा सांभाळून सांगायचं.

बाबा पलंगावर बसले होते. मी हळूहळू, शब्द निवडून सांगितलं. आत्याच्या अंगावरचा तो पट्टा सांगितला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले,

"मला माहीत आहे. आरशात दिसली ती."

"काय दिसलं?"

"मध्ये सापडलेली. मग दिसेनाशी झाली."

"मग तुम्ही उतरून बघितलंत ना?"

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला.

"उतरलो असतो तर लंगडतोय ते सगळ्यांना दिसलं असतं," ते म्हणाले. "मी काच खाली केली. तिचा आवाज यायची वाट बघितली. तिने शिवी दिली, तेव्हा कळलं जिवंत आहे."

आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता. आत्याचा नाही. या माणसाचा, ज्याला मी राजे समजत होते. जिने आईच्या जागी राहून वाढवलं ती चाकाखाली गेली की काय, हे बघायला हा माणूस दोन पायऱ्या उतरला नाही. मी कोपऱ्यातली त्यांची चप्पल उचलून पायांपुढे टाकली.

"उठा."

"कुठे?"

"उठा म्हणते ना!"

आई मधे पडली, निदान गाडी तरी कर म्हणाली. मी गाडी केली नाही. भर रस्त्याने चालवत नेलं त्यांना. दुकानदार बघत होते, शेजारी बघत होते, राजे लंगडताहेत म्हणून कुजबुजत होते. बाबा दर थोड्या वेळाने भिंतीला धरून थांबायचे. मी हात दिला, पण पाय उचलायला लावला.

यार्डात पोचलो तेव्हा आत्या एका ट्रेलरखाली उताणी होती, बॅटरीच्या उजेडात जबडा बघत. तिला आमचे फक्त पाय दिसत असणार. बाबांचा ओढत टाकलेला पाय तिच्या डोक्याशी येऊन थांबला. त्यांचा श्वास लागला होता.

"ताई," ते म्हणाले.

बॅटरीचा उजेड जबड्यावरून हलून त्यांच्या गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला.

"आलास का खाली एकदाचा?" आत्या म्हणाली.