मीठ, मोहरी आणि बर्फाची रिंक

"वाळवंटात बर्फावरची हॉकी? अगं, कुणाला सांगू नकोस, लोक हसतील," असं माझी नणंद गावाहून फोनवर म्हणाली होती. मी रागाने फोनच ठेवला. आता तीच नणंद माझ्या लेकीचे व्हिडिओ अख्ख्या आळीला दाखवत फिरते. असो.

आम्ही शारजात, रोल्लाच्या बाजारामागे राहतो. मी घरून डबे आणि फराळ करून देते. आमचे हे जबल अलीला एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीनं सांभाळतात. बाहेर ऊन माणसाला भाजून काढतं आणि हे आत जाड जॅकेट घालून बर्फात उभे. घरी आले की एसीचा रिमोट लपवतात. "दिवसभर थंडीच खाल्लीय मी, आता पुरे," म्हणतात.

लेक आठ वर्षांची असताना एका मैत्रिणीचा वाढदिवस दुबईतल्या मॉलमधल्या रिंकवर होता. बाकीची मुलं प्लास्टिकच्या पेंग्विनला धरून घसरत होती. आमच्या बाईसाहेबांनी पेंग्विन ढकलून दिला आणि दाणकन आपटल्या. उठल्या, परत आपटल्या. मी कठड्याबाहेरून "अगं बाई, दात पडतील!" म्हणून ओरडतेय, तर तिथला कोच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, पडायला न घाबरणारी मुलगी आहे. मला द्या." मी म्हटलं, "न्या की, घरीही हेच करते."

मी गंमत केली होती. त्याने खरंच नेली.

ज्युनिअर टीममध्ये मुली नव्हत्याच फारशा, म्हणून ही मुलांबरोबर खेळायची. फॉरवर्ड म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पक नावाची एक काळी रबरी चकती असते, ती काठीने पुढे न्यायची, समोर कोण धिप्पाड आहे ते बघायचं नाही, घुसायचं आणि गोल करायचा. पहिल्यांदा स्केट्स घ्यायला गेलो तेव्हा हे कानात म्हणाले, "किंमत रुपयांत करून बघू नकोस, झीट येईल." आणि त्या किटच्या बॅगेला जो वास यायचा, त्याला मराठीत शब्द नाही. त्यापेक्षा सुके बोंबील परवडले. बॅग लिफ्टमध्ये आली की शेजारी जिन्याने जायचे.

प्रत्येक मॅचच्या आधी मी तिची दृष्ट काढायची. मुठीत खडेमीठ आणि मोहरी, तिच्यावरून उतरवायची आणि गॅसवरच्या तापल्या तव्यात टाकायची. ती चपलांच्या स्टँडजवळ हेल्मेट काखेत धरून उभी. "आई, प्लीज, वुई आर गेटिंग लेट." मी मराठीत विचारलेल्या सगळ्याचं उत्तर ती इंग्रजीत देते, तेवढं 'आई' सोडून. आणि हे सोफ्यावरून टोमणे मारणार. "मिठाने गोल होत असते तर कोचला पगार कशाला देतात? अंधश्रद्धा नुसती!" मी म्हणायची, "तुम्ही तुमची मशीनं बघा."

गोल मात्र होत गेले. मुलांच्या टीममधून ती बायकांच्या टीममध्ये गेली. अठराव्या वर्षी कोचने आम्हाला बोलावून सांगितलं, की परदेशातल्या एका प्रोफेशनल क्लबची कोच बाई पुढच्या मॅचला येतेय. तिला एक फॉरवर्ड हवी आहे, एकच. इथे बायकांच्या हॉकीचा रस्ता इथपर्यंतच येतो. पुढे जायचं तर बाहेर, आणि बाहेर न्यायला कुणी रोज येत नाही. ही संधी गेली तर कॉलेज, आणि सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून खेळणं. लेक त्या आठवड्यात धड जेवली नाही. डबा तसाच परत आला की माझा जीव तुटायचा, आणि तुटला की मी सगळ्यांवर ओरडायची.

मॅचच्या दिवशी दुबईच्या रस्त्यावर जाम असणार म्हणून आम्ही दुपारीच निघालो. लिफ्टपाशी आल्यावर हे म्हणाले, "थांबा, चष्मा विसरलो," आणि परत घरात गेले. चष्मा तर नाकावरच होता! पण त्या घाईत माझं लक्ष कुठलं.

गाडी जाममध्ये अडकली आणि मला आठवलं. "अहो, दृष्ट राहिली!"

"मग काय आता हायवेवर गॅस पेटवू?"

मी तोंड फिरवलं. लेक मागे कानात हेडफोन घालून डोळे मिटून बसली होती. रिंकपर्यंत मी यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

मॅच सुरू झाली. ती पाहुणी कोच बाई समोरच्या बाजूला कॉफी घेऊन बसली होती, चेहरा अगदी कोरा. लेक दडपणाखाली खेळत होती. पक हातचा जात होता, एक सोपा गोल चुकला. मी देवाचं नाव घेत बसले. बघते तर शेजारची खुर्ची रिकामी. हे खाली, खेळाडूंच्या बाकामागे उभे! लेक पाठमोरी बसलीय आणि हे तिच्या डोक्यामागे हात गोल फिरवतायत. मूठ बंद. ओठ हलतायत.

मला हसावं की रडावं कळेना. पण यांनी जन्मात कधी दृष्ट काढलेली नाही. उतरवून झाल्यावर ते टाकायचं कुठे? तिथे ना गॅस ना तवा. मूठ तशीच धरून हे बाकाच्या कडेला गेले, कचऱ्याचा डबा शोधत. तेवढ्यात पक येऊन त्यांच्यासमोरच्या, रिंकभोवतीच्या फळीवर धाडकन आदळला. हे दचकले, हात वर गेला, आणि सगळं मीठ-मोहरी फळीवरून पलीकडे, बर्फावर.

मिठाने बर्फाचं काय होतं हे त्या अख्ख्या रिंकमध्ये सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक असेल, तर आमच्या यांना. मी वरून बघितलं, माणूस पांढराफटक पडला होता.

थोडा वेळ काही झालं नाही. मग समोरच्या टीमची एक मुलगी तिथे येऊन घसरली. मग दुसरी. आणि मग बाकावरून परत उतरलेली लेक पक घेऊन वाऱ्यासारखी आली, तिचा स्केट त्या पिठूळ झालेल्या बर्फात रुतला आणि ती तोंडावर आपटली. कोच बाईच्या डोळ्यांदेखत. काठी एकीकडे, ती एकीकडे.

ती उठून बसली. बर्फावरून काहीतरी चिमटीत उचललं, डोळ्यांजवळ नेलं. मोहरी! मग तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघून अख्ख्या रिंकला ऐकू जाईल असं ओरडली, "आई!"

मी! गुन्हा कुणाचा आणि फाशी कुणाला!

मॅच थांबली. रिंकचा मॅनेजर धावत आला, केरळचा होता. हे पुढे झाले, ऐटीत. "सॉल्ट है. पहले घिसके निकालो, फिर पानी मारो, जल्दी, यल्ला. मैं रेफ्रिजरेशन में हूं."

मॅनेजरने विचारलं, "सर, आपको कैसे पता सॉल्ट है?"

यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग खिशातून उरलेली पुडी काढून त्यांनी मॅनेजरच्या हातात ठेवली. त्याने उघडून बघितली, मग लेकीकडे बघितलं. "बेटी है? हमारे घर में मिर्ची भी डालते हैं, सर," म्हणाला, आणि बर्फ घासायचं मशीन मागवलं.

लेकीने ते ऐकलं. बापाकडे जे बघितलं ना! दडपण कुठल्या कुठे पळालं, उरला तो नुसता संताप. खेळ सुरू झाल्यावर ती समोरच्यांना बाजूला सारत गेली आणि गोल केला. मग आणखी एक केला. दुसऱ्या गोलनंतर कोच बाईने कॉफी खाली ठेवली.

निवड झाली. मी नाचले, पेढे वाटले, आणि रात्री भांडी घासताना ढसाढसा रडले. पोरगी जाणार हे तोवर कळलंच नव्हतं मला.

तिकडच्या तिच्या पहिल्या हिवाळ्यात तिने व्हिडिओ कॉल केला आणि कॅमेरा खिडकीकडे वळवला. रस्त्यावरून एक ट्रक हळूहळू चालला होता, मागून पांढरं काहीतरी उधळत.

"आई, मीठ आहे ते," ती म्हणाली. मराठीत! "रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून टाकतात. बाबांना दाखव."

हे धावत आले. चष्मा सारखा करून बघितलं. "नुसतं मीठ? मोहरी नाही?"

ती खूप हसली. मग म्हणाली, "उद्या पहिली मॅच आहे. फोनवरून दृष्ट काढता येते का गं?"

मी उठायच्या आत यांनी मीठ-मोहरीचे डबे काढले होते. फोन साखरेच्या बरणीला टेकवून उभा केला आणि हा माणूस त्या फोनवरून मूठ उतरवायला लागला, डोळे मिटून, अगदी मन लावून. टोमणा बाजूला ठेवून मी तवा तापवला. यांनी मूठ तव्यात टाकली.

"बाबा, फोन तव्याजवळ धरा ना," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."

हे फोन धरून उभे राहिले, मोहरी तडतडायची थांबेपर्यंत.