तक्रारमुक्त दिवस

विलासरावांनी आज सकाळी पोस्ट टाकली नसती, तर मी गप्प बसले असते.

शोभा माझी धाकटी बहीण. मागच्या आठवड्यात कॅन्सरने गेली. विलासराव तिचे यजमान.

पोस्टमध्ये तिचा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'आयुष्यात एकदाही तक्रार केली नाही. माझी पॉझिटिव्ह शोभा.'

तुम्ही सगळ्यांनी खाली हात जोडलेत. कोणीतरी लिहिलंय, अशी बाई पुन्हा होणे नाही.

होऊच नये. म्हणून लिहितेय.

फोटो नीट पाहा. तिच्या डोक्यामागे भिंतीवर एक काळा बोर्ड आहे.

विलासराव प्लांटमध्ये होते. त्यांच्या वर्कशॉपच्या दाराशी सेफ्टीचा बोर्ड असायचा, अपघाताशिवाय किती दिवस गेले त्याचा. रोज सकाळी आकडा बदलायचं काम यांच्याकडे. काही झालं, की पुन्हा शून्य.

रिटायर झाले आणि सेक्टर ६ च्या घरात बसून पुस्तकं वाचू लागले. सवयी, यश, नाती, मनाची ताकद. पेन्सिलने खुणा करत, परीक्षेला बसल्यासारखं.

पुस्तकांना मी नावं ठेवत नाही. आमच्या घरातली पहिली कॉलेजात गेलेली मुलगी मी, पुस्तकांवरच तगले. विलासरावांचा इतक्या वर्षांचा तंबाखूचा खर्रा एका पुस्तकाने सुटला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

स्वतःचं तोंड स्वच्छ झालं.
मग दुसऱ्यांची तोंडं स्वच्छ करायला निघाले.

एका पुस्तकात निघालं, की तक्रार करणं सोडा, आयुष्य बदलेल. यांनी ती फक्त स्वतः सोडली नाही, घरात सगळ्यांना बंद केली. जेवणाच्या टेबलासमोर बोर्ड लागला. वर पेंटने 'तक्रारमुक्त दिवस', खाली खडूने आकडा.

आधी आम्ही हसलो. मुलगा अनिकेत पुण्याहून आला आणि म्हणाला, "पापा, नेट कितना स्लो है."

शून्य.

एकदा शोभा म्हणाली, गॅस संपत आलाय. ही तक्रार की माहिती, यावर अर्धा तास चर्चा झाली. माहिती ठरली.

मग आकडा वाढत गेला. पाहुण्यांना दाखवायला लागले. मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर रोज फोटो. लोक अंगठे दाखवायचे. तुमच्यातले बरेच जण त्या ग्रुपवर आहेत.

शोभाच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा आकडा खूप मोठा झाला होता.

ती दुपारी स्कूटीवर सेक्टर २ ला माझ्याकडे यायची. घरी सांगायची, ताईकडे वाचायला जाते. वाचन म्हटलं, की विलासराव खूश.

माझ्या दिवाणावर पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून पडायची आणि कण्हायची. मोकळेपणाने, मोठ्याने. बरं वाटलं, की डिटेक्टिव्ह कादंबरी उघडायची. शेवटचं पान आधी वाचायची. मी रागवायचे.

"मले धाकधूक नाही सहन होत, ताई," म्हणायची.

डॉक्टरकडे चल, हे मी किती वेळा सांगितलं असेल. दरवेळी नंतर. शेवटी खरं बोलली.

"पुढच्या महिन्यात बोर्डाले वर्ष होते. त्यायनं मित्रायले जेवाले बोलावलं आहे. तेवढं होऊ दे."

त्या जेवणाच्या पुऱ्या तिनेच तळल्या.

शोभा मूर्ख होती. हे लिहू शकते, कारण ती वाचणार नाही.

जेवण झालं, तशी मी तिला ऑटोत घातलं आणि हॉस्पिटलला नेलं. विलासराव मागून आले. डॉक्टरबाईंनी विचारलं, इतके महिने काय करत होते तुम्ही लोक?

"मॅडम, इन्होंने कभी कम्प्लेंट ही नहीं की."

आवाजात अभिमान होता. मी शेजारी उभी होते.

नर्सने शोभाला विचारलं, दर्द एक से दस में कितना है. तिने आधी यांच्याकडे पाहिलं.

"दो."

विलासराव चहा आणायला गेले. तिने माझा हात ओढला.

"गेले काय ते?"

"गेले."

"दहा, ताई."

शेवटपर्यंत यांच्यासमोर तो आकडा दोनच राहिला.

आज पोस्ट वाचली आणि शोभाचं माझ्याकडचं सामान घेऊन त्यांच्या घरी गेले. आधी बोर्ड पाहिला. ती गेली त्या दिवशी कोणी आकडा पुसला नव्हता. उलट तेव्हापासून रोज वाढला होता.

सामानाची पिशवी हातात दिली, तर विचारतात, हे कोणाचं.

सांगितलं. दुपारचं वाचन म्हणजे काय होतं, ते सांगितलं. दो सांगितलं, दहाही सांगितलं. मध्ये थांबले नाही.

विलासरावांनी पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मले कावून नाही सांगितलं तिनं?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं.

सकाळी ज्यांनी हात जोडलेत, त्यांनी ते काढून घ्यावेत. ज्यांच्या घरी असा बोर्ड लागलाय, त्यांनी आजच उतरवावा. दोन घरं मला माहीत आहेत. नावं लिहायला लावू नका.

शोभा, जा आता. हवं तेवढं कण्ह. तिथे कोणी मोजत नाही.

विलासरावांच्या हाती दिलं ते असं: गरम पाण्याची रबरी पिशवी. पेनकिलरची अर्धी स्ट्रिप. तिचा माझ्याकडे राहणारा चष्मा. डिटेक्टिव्ह कादंबरी, फक्त शेवटचं पान वाचलेली.

त्यांनी बोर्ड खिळ्यावरून काढला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाले, घेऊन जा.

घेतला नाही. तो त्यांचा आहे.