फोन धरायचं काम

खरवईतल्या आमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनाला उल्हासनगरचा एक मुसलमान विनोदवीर आला होता. स्टेजवर जाण्याआधी त्याने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

"काका, पहिल्यापासून शेवटपर्यंत शूट करा. मध्ये बंद नका करू."

"यूट्यूबवर टाकणार?"

"नाही हो. उद्या कुणी अर्धंच फिरवलं, तर वकिलाला पूर्ण दाखवायला."

मग माइक हातात घेऊन तो म्हणाला, "आमच्या गल्लीत न्याय एकदम फास्ट! आधी घर पाडतात, मग नोटीस चिकटवायला भिंत शोधतात."

अख्खा हॉल हसला. तो मात्र फोनकडे बघत होता. हसू मलाही आलं होतं, पण मी ते दाबलं. हात हलला असता, तर त्याचा पुरावा बिघडला असता.