निळ्या पेल्याच्या काचा

मिल्काबाई झिराडकरांना देवपुरात सगळे मिल्का सिस्टर म्हणत. अर्ध्या गल्लीचा जन्म त्यांच्या हातावर झालेला, पण त्या नेमक्या कोण, हे गल्लीला कधी नीट उमगलं नाही. नावावरून लोक त्यांना ख्रिश्चन समजत आणि नाताळात केकची वाट बघत. "आम्ही बेने इस्राएल, यहुदी," त्या सांगत. "म्हणजे ख्रिश्चनच ना," म्हणून लोक पुढच्या डिसेंबरात पुन्हा वाट बघत. शेजारच्या तानुबाईला मात्र एक पक्कं ठाऊक होतं: अक्काच्या घरी शुक्रवारी दिवस मावळायच्या आत साखळीला टांगलेल्या काचेच्या पेल्यात खोबरेलाचा दिवा लागतो आणि शनिवारी गॅससुद्धा पेटत नाही.

आता मिल्काबाई मुलाकडे, इस्राएलात अश्दोदला, कायमच्या निघाल्या होत्या. पलंग, कपाट, शिलाई मशीन, सगळं वाटून झालं होतं. कपडे आणि साखळीचा पेला सोडला, तर इथलं म्हणून न्यायचं ठरलं होतं ते एकच, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात निळ्या काचेचे तुकडे होते.

ते तुकडे आईच्या दिव्याच्या पेल्याचे. तो त्यांच्या हातून फुटला, तेव्हा त्या फ्रॉकमध्ये होत्या. वडील पाचोऱ्याला रेल्वेत. क्वार्टरच्या मागून छोटी गाडी शिट्टी देत जायची, घरात मलिद्याच्या, म्हणजे प्रसादाच्या गोड पोह्यांचा आणि गुलाबाचा वास असायचा. अशाच एका शुक्रवारी स्टुलावर चढून पेला पुसताना तो निसटला. आई ओरडली. वडील मात्र लेकीच्या शेजारी उकिडवे बसून तुकडे वेचू लागले. वेचता वेचता त्यांनी मुंबईच्या एका बगदादी यहुदी म्हाताऱ्याकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. देवानं आरंभी आपला उजेड भांड्यांत भरला. उजेड फार झाला, भांडी फुटली, आणि ठिणग्या जगभर उडाल्या. दगडात, झाडात, माणसात.

"भांडी फोडली कुणी?" मिल्कानं भीत भीत विचारलं होतं.

"कुणी नाही गं. पेलवलं नाही त्यांना. देव एकच आहे, पण त्याचा उजेड असा विखुरलाय. कुणाची जखम बांधलीस, की एक ठिणगी घरी गेली. असं करत करत जग दुरुस्त करायचं."

म्हणून त्या नर्स झाल्या, असं काही त्या म्हणत नसत. पण डबा जपला.

त्या शुक्रवारी दुपारी मिल्काबाई गल्लीत निरोप घेऊन आल्या, तर डबा ओट्यावर. घासूनपुसून लख्ख. उघडला, तर आत ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या.

"वाटमा खायले," तानुबाई म्हणाली. "तठे कोन दि तुम्हले बिबड्या?"

"आणि यातल्या काचा?"

"फुटेल काच घरमा ठेवतस का अक्का? चांगलं नसतं ते. गवंडीले दि टाक्यात."

मागच्या अंगणात तानुबाईचा मुलगा हेमराज दोन्ही घरांमधली भिंत उंच करून घेत होता. मांजरी येतात म्हणून वर काचा लावायच्या होत्या. मिल्काबाई धावतच गेल्या. गवंडी काम संपवून निघून गेला होता. ओल्या सिमेंटात इतर बाटल्यांच्या काचांमध्ये वडिलांनी वेचलेले निळे तुकडे टोकं वर करून उभे होते.

मागून तानुबाई आली. अक्काचा चेहरा बघून हळूच म्हणाली, "सिमेंट ओलं शे अजून. काढी दिऊ का? धुई देस, डब्यात भरी देस."

मिल्काबाईंनी एका तुकड्याला हात घातला. निघाला असता. पण त्या थांबल्या. अशा भिंतींवरून फाटलेले पोरांचे किती तळहात त्यांनी टाके घालताना घट्ट धरले होते. निळे तेवढे उचलून नेले, तरी बाकीच्या काचा उभ्याच राहणार होत्या.

"थापी दे," त्या म्हणाल्या.

"काढता?"

"नाही. आडव्या करते. सगळ्याच."

"आणि मांजरी?"

"येऊ देत."

"हेमराज बोंबलीन."

"त्याला सांग, पहिल्यांदा बोंबलला तेही माझ्याच हातावर."

तानुबाईनं पदर खोचला. बादलीतलं उरलेलं सिमेंट तिनं पुढं केलं आणि दोघी एकेक काच निजवत, कडा लिंपत गेल्या. निळ्या तुकड्यांपाशी मिल्काबाईंचा हात रेंगाळे. शेवटी भिंतीवर बोट फिरवलं, तर कुठं टोचलं नाही. पांझरा नदीकडून तिरपं ऊन आलं होतं, त्यात निळं तेवढं ओळखू येत होतं.

"दिवस चालना, अक्का. दिवा," तानुबाईनं आठवण केली.

मिल्काबाईंनी घाईनं हात धुतले. साखळीचा पेला गाठोड्यात बांधला गेला होता, म्हणून तानुबाईनं आपल्या घरचा चहाचा ग्लास आणला. त्यात पाणी, वर तेल, वात. दिवा लागला तशी मिल्काबाईंनी हातांनी डोळे झाकले आणि आशीर्वाद म्हटला. मग सवयीनं पुढचंही ओठांवर आलं, देव एकच असल्याचं. नखांत राहिलेल्या सिमेंटचा ओला वास येत होता. रिकामा डबा नेण्यात अर्थ नव्हता. बिबड्यांसहित न्यावा.

उंबऱ्यात तानुबाईनंही डोळ्यांवर पंजा धरला होता.

"उघडू का?" तिनं विचारलं.

"थांब जरा," मिल्काबाई म्हणाल्या.