आत आहे म्हणजे आहे!

आमच्या वहिनींना वादात हरवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर तो बंगळुरूत राहायची हिंमत करायचा नाही. इथल्या रिक्षावाल्यांनी तर केव्हाच हात टेकलेत. इंदिरानगरात एकाने "स्वल्प जास्ती कोडी, अक्का" अशी थोड्या जास्त पैशांची गळ घातली, तेव्हा ह्या त्याच्या रिक्षात ठाण मांडून संत्रं सोलत बसल्या. शेवटी तोच "सरी, सरी" म्हणत मीटर टाकून निघाला. माझ्या भावाने लग्नाच्या पहिल्या वर्षातच वाद घालणं सोडलं. तेव्हापासून त्याची तब्येत उत्तम आहे.

वहिनींचा व्यवसाय माश्या पाळण्याचा. पिकल्या केळ्यांवर घोंगावतात ना, त्या इवल्याशा फळमाश्या. माशीच्या पोटात अंडं कसं घडतं, हे त्या एका संशोधन संस्थेत बसून जन्मभर बघत आल्या. माशी कापण्याआधी तिला यीस्ट खाऊ घालून गुबगुबीत करावं लागतं, म्हणजे अंडाशय भरतात. वहिनी ह्याला 'डोहाळजेवण' म्हणतात. आमच्या हिच्या खऱ्या डोहाळजेवणात त्यांनी हे सगळं रंगवून सांगितलं, पुढे चिमट्याने काय करतात त्यासकट. बायकांच्या हातातली बर्फी हातातच राहिली. त्यांच्यादेखत घरात माशी मारायची सोय नाही. "भाऊजी, आधी नर की मादी ते तरी बघा!"

पण त्यांचं खरं भांडण ॲक्टिनवरून. ॲक्टिन म्हणजे पेशीला आकार देणारं, तिला हलतं ठेवणारं प्रथिन. त्याची मुख्य वस्ती पेशीच्या केंद्रकाबाहेर. वहिनींना ते अंडं पोसणाऱ्या पेशींच्या थेट केंद्रकात दिसलं, आणि तेही भरपूर. त्यांचा पेपर वाचणाऱ्या परीक्षकांनी कळवलं, हा ॲक्टिन दिसावं म्हणून लावलेल्या रंगाचा डाग असावा. डाग! जिच्या ओट्यावर चहाचा थेंब टिकत नाही, त्या बाईला हे सांगायचं? माझंच डोकं फिरलं. वहिनी म्हणाल्या, "आत आहे म्हणजे आहे. आणि डागच निघाला, तर पेपर मी स्वतः मागे घेईन. त्यांनी सांगायची गरज नाही." महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. त्यानंतर त्यांचा सूक्ष्मदर्शक दुसऱ्या कुणाचा तरी.

एका रविवारी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. "आपले डोळे आपल्याला हवं तेच दाखवतात, भाऊजी. मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही असा माणूस हवाय. तुमच्याइतकं लायक कुणी आठवेना." मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पंप तपासतो. अपमान गिळला आणि गेलो.

काही माश्या साध्या होत्या. काहींमध्ये ॲक्टिनची केंद्रकात शिरायची वाट बंद केलेली होती. नुसता डाग असता, तर तो दोन्हींत सारखाच पडला असता. त्यांच्या विद्यार्थिनीने नावं झाकून चित्रं पत्त्यांसारखी पिसली आणि एकेक पडद्यावर लावत गेली. मी फक्त सांगायचं, मधल्या गोलात, म्हणजे केंद्रकात, चमक आहे की नाही. "आहे... नाही... नाही... आहे." वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. कुणाचं वाक्य पुरं होऊ न देणारी ही बाई, पण शेवटच्या चित्रापर्यंत तिने मला बोलू दिलं.

शेवटी विद्यार्थिनीने नावं उघडली. "मॅडम, हे ज्यांना 'आहे' म्हणाले, त्यांतलं एक चित्र सोडून सगळी साध्या माश्यांची!"

मला वाटलं, आता परीक्षकांचा उद्धार होणार. वहिनी भिंतीकडेच बघत होत्या.

"भाऊजी, परत म्हणा."

"काय?"

"तेच. आत आहे म्हणून."

इतकी वर्षं हे वाक्य त्या एकट्याच म्हणत आल्या होत्या. दुसऱ्याच्या तोंडून त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं.

"आत आहे, वहिनी."

"जरा मोठ्याने."

"आत आहे म्हणजे आहे!" मी असा ओरडलो, की बाहेरचा वॉचमन दारात डोकावला. वहिनींनी पदराने चष्मा पुसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझं म्हणणं खोडून काढलं नाही.